औदुंबरचा रविवार

"चौगुले काका, आज तुमचा पाय जड पडतोय," निलोफर मागून म्हणाली.

माधवनगर मागं पडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. डिसेंबरातला रविवार होता. दोन्ही बाजूंना उसाचे फड, त्यांच्या डोक्यावर धुकं, आणि पुढं आमच्या मंडळाच्या दहा सायकली एकामागोमाग एक चाललेल्या. मी म्हणालो, थंडी आहे म्हणून असेल. ती म्हणाली, थंडी सगळ्यांनाच आहे. 

जोडसायकल ज्यांनी चालवली नसेल त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिची दोन्ही पायडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. पुढच्याचा पाय फिरला की मागच्याचा फिरतो, पुढच्याचा अडला की मागच्याचा अडतो. तोंडानं काहीही सांगा, पाय मागच्या माणसाला खरं काय ते कळवतातच. मागं बसणारी निलोफर शिकलगार जन्मापासून आंधळी. मिरजेची मुलगी, तेव्हा सत्तावीस वर्षांची, एका बँकेत टेलिफोनवर नोकरीला. हँडल आणि ब्रेक माझ्याकडं, आणि माझं दुसरं काम म्हणजे समोर जे येईल ते मोठ्यानं सांगायचं. "खड्डा आहे." "डावं वळण." "म्हैस आडवी आहे, थांबतोय." एवढं सांगितलं की पुरे. उरलेलं ती अंगानं ओळखायची.

मंडळाचं नाव सावकाश सायकल मंडळ. आवटी मॅडमनी ते काढलं होतं. मॅडम शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या घरी त्यांची धाकटी बहीण मंगल होती. वय पंचेचाळीस, बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलीची. मंगलला सायकलचं भारी वेड, पण तिला कुणी सोबत घेईना, कारण तिची सायकल मागं बाजूची दोन चाकं लावलेली आणि वेग बैलगाडीचा. म्हणून मॅडमनी असं मंडळ काढलं जिथं सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं. तो ठरवेल तो वेग. दमदार माणसं शेवटी. अशानं कुणी मागं राहायचा प्रश्नच येत नाही. मंगल पहिली. तिच्यामागं वसंता माळी, मोबाईल दुरुस्तीवाला, पोलिओनं दोन्ही पाय गेलेला. तो हातानं फिरवायची तीनचाकी चालवायचा आणि सबंध रस्ताभर गात जायचा. मग बाकीचे. कुणी नोकरदार, कुणी म्हातारं, कुणी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि सगळ्यात शेवटी आमची जोडसायकल, कारण चार पायांची ताकद.

ती माणसं खूश असायची. हे मी बघत होतो, मला ते कळत होतं. मंगल दिसेल त्या देवळासमोर घंटी वाजवायची आणि मग अकराच्या अकरा सायकली घंटी वाजवायच्या. चढ आला की वसंताच्या तीनचाकीला मागून दोघंजण हात लावायचे, आणि उताराला तोच ओरडून सांगायचा की आता तुम्ही मला धरून दाखवा. चहाच्या टपरीवर एकाची भाकरी दुसऱ्याच्या डब्यात जायची. मी त्यांच्यात बसलेला असायचो. कुणी हसलं की मीही तोंड हसरं करायचो. काचेपलीकडं लग्नाची वरात चालली आहे आणि आपल्याला नुसतं दिसतंय, वाजंत्री ऐकू येत नाही, तसं काहीतरी.

मी ड्रायव्हर. पलूसच्या बाजूला एक कारखाना आहे, त्याच्या कामगारांची बस एकोणीस वर्षं चालवली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मी ती थांबवली आणि पुन्हा धरली नाही. कारखान्याची माणसं दोनदा घरी येऊन गेली, कामावर ये म्हणाली. मी हो म्हणालो, कपडे घातले, गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. भीती वाटत होती म्हणावं तर तसंही नाही. काहीच वाटत नव्हतं. माझी बायको त्रिशला, तिला हे सगळ्यात आधी कळलं. एकदा चुकून तिनं आमटीत मीठच घातलं नाही, आणि मी दोन वाट्या पिऊन उठलो. ती बघत राहिली. मग स्वतः एक घोट घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. उठून आत जावं असं वाटलं नाही.

ऑक्टोबरात आवटी मॅडम घरी आल्या. त्रिशला त्यांची जुनी विद्यार्थिनी. मॅडम म्हणाल्या की मंडळाकडं एक जोडसायकल आहे, पण पुढं बसणाऱ्याची नागपूरला बदली झाली आणि आमची एक मुलगी दोन महिने घरात बसून आहे. हँडलवर भरवशाचा हात पाहिजे. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायलासुद्धा आतून काहीतरी उठावं लागतं. पुढच्या रविवारी सांगलीतल्या आमराईसमोर जाऊन उभा राहिलो. निलोफरनं हात पुढं केला, माझा पंजा हातात घेऊन जरा वेळ धरून ठेवला, आणि म्हणाली, "काका, सावकाश घ्या. मला घाई नसते."

सहा रविवार असे गेले. हरिपूर, मिरज, पुन्हा हरिपूर. सातव्या रविवारी मॅडमनी जाहीर केलं की औदुंबरला जायचं. पंचवीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो रस्ता माझ्या बसचा रस्ता होता. नांद्रे सोडलं की पुढं एक वळण आहे. मी तेव्हाही नाही म्हणालो नाही.

वळण जवळ आलं तसा पाय जड व्हायला लागला, आणि ते निलोफरला कळलं, हे मी सुरुवातीला सांगितलंच.

नांद्रे मागं पडलं. पुढच्या सायकली वळणावर एकेक करून दिसेनाशा झाल्या. आधी मंगलची घंटी गेली, मग वसंताचं गाणं. आता मी "उजवं वळण" म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पाय थांबला. सायकल हलली, मी घाईनं पाय टेकवला. निलोफरनंही टेकवला. रस्त्यावर आम्ही दोघंच.

"काय झालं?" तिनं विचारलं.

काही नाही म्हणणार होतो. पण जोडसायकलवर सहा रविवार काढल्यावर ते खोटं बोलायचीही लाज वाटली. मी म्हणालो, "इथं माझ्या बसखाली एक माणूस गेला."

आठ महिन्यांत हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना जबाब दिला होता, कारखान्याच्या साहेबांना माहिती दिली होती, पण ती वाक्यं वेगळी होती, कागदावरची. हे वाक्य मी पहिल्यांदाच माझ्या आवाजात ऐकलं. त्याचाही मला काही परिणाम जाणवला नाही. कुणी दुसरा बोलतोय आणि मी शेजारी उभा आहे, इतकंच.

मग मी तिला सगळं सांगितलं. पहाटपाळीची बस, उजाडत आलेलं. वळणावर पुढं एक सायकलवाला, मागं कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाचे डबे. दत्तू खोत नाव, जवळच्या वस्तीवरचा, साठीला आलेला, रोज दूध घालायला जाणारा. डबे चमकलेले मला आठवतात. त्यानंतर आठवतं ते रस्त्यावर पसरलेलं दूध. ते चाकाखालून वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. मधलं काही आठवत नाही. जबाब घेताना विचारलं, हॉर्न दिला होता का? मी म्हणालो, दिला होता. एकोणीस वर्षं वळणावर हॉर्न देतोय, त्या दिवशी दिला नसेल कशावरून? बसमधली माणसं अर्धी झोपेत होती, तीही म्हणाली, दिला असेल. चौकशी झाली. चालकाचा दोष नाही, असं ठरलं. पण मला स्वतःला आठवत नाही. घरी खाटेवर बसून मी शंभर वेळा ते वळण घेतलं. डबे चमकतात, आणि मग एकदम दूध.

निलोफर ऐकत होती. तिनं सायकलीवरचे हात काढले नव्हते. मी बोलायचा थांबल्यावर तिनं विचारलं, "इथं डाव्या हाताला बाभळ आहे का?"

मी बघितलं. होती.

"आणि तिच्या पलीकडं एक सिमेंटचा कट्टा? एसटीसाठी थांबायला केलेला?"

तोही होता. तुला कसं ठाऊक, असं मी विचारलं.

"मी त्या कट्ट्यावर बसले होते," ती म्हणाली.

तिची खाला, म्हणजे मावशी, वसगड्याला राहते. एप्रिलमध्ये ती दोन दिवस खालाकडं राहायला आली होती. सोमवारी बँक गाठायची म्हणून खाला तिला एका टेम्पोतून या फाट्यापर्यंत घेऊन आली आणि दोघी गाडीची वाट बघत बसल्या. मी तिच्याकडं बघत राहिलो. तिचा चेहरा वळणाकडं नव्हता, जरा बाजूला, जिकडून आवाज येतो तिकडं कान धरल्यासारखा.

"तुम्ही हॉर्न दिला नव्हता काका," ती म्हणाली.

मी त्या कट्ट्याकडं बघितलं.

"आधी डबे वाजले. सायकल घसरली, खडीवरून चाक घसरतं तसा आवाज, आणि डबे रस्त्यावर आपटले. मग तुमचा ब्रेक. मी सांगते त्याच्यात किती वेळ होता." तिनं हँडल सोडून दोन टाळ्या वाजवल्या, एकीला लागून दुसरी. "एवढा. त्यात हॉर्न मावत नाही. कुणी दुसरा असता तरी त्याच्याकडूनही मावला नसता. पण दिला नव्हता. तुम्ही दिला म्हणून सांगितलंत, ते पेपरात आलं, ते मला खालाच्या मुलानं वाचून दाखवलं. तेव्हापासून मला ते टोचतंय."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. सायकल तिनं सावरून धरली. मी म्हणालो, म्हणजे मी खोटं बोललो. तिनं विचारलं, बोलताना खोटं वाटत होतं का? मी म्हणालो, आठवतच नव्हतं. ती म्हणाली, मग आता ते आठवायची खटपट सोडा, मी ऐकलंय.

आणि तेव्हा मला राग आला. आठ महिन्यांत पहिली गोष्ट जी आली ती राग. मला नवल वाटलं, हा अजून आत आहे तर. मी आवाज चढवून म्हणालो, "तुला माहीत होतं, आणि तू आठ महिने गप्प बसलीस? सहा रविवार माझ्या मागं बसून गप्प बसलीस?"

"हो," ती म्हणाली. "आधी भ्याले म्हणून. गर्दी जमायला लागली तशी खालानं मला ओढत बाजूला नेलं. म्हणाली, आंधळ्या पोरीच्या साक्षीला कोण विचारतंय, उगाच चकरा माराव्या लागतील. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. ती माझी चूक. नंतर कळलं की तुम्ही काम सोडून घरी बसलाय. मग मीच आवटी मॅडमना म्हटलं, पुढं बसायला त्या चौगुले ड्रायव्हरना विचारा. का ते सांगितलं नाही."

"आणि हे सहा रविवार?"

ती म्हणाली, "मी तुम्हाला एकदाच ऐकलं होतं, तेही त्या दिवशी. तेवढ्यावरून माणूस कसा आहे हे मला ठरवायचं नव्हतं. मागं बसलं की कळतं. तुम्ही ब्रेक नेहमी जरा आधी लावता. खड्डा असो, वळण असो. घाबरट माणूस कचकन दाबतो, तुम्ही तसं करत नाही. मागं कुणीतरी बसलंय हे तुमच्या हाताला सारखं आठवत असतं. हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं. मग दर रविवारी म्हणायचे, आज सांगू. आणि तुम्ही इतके थंड असायचात की वाटायचं, सांगून काही होणार नाही."

थंडच होतो मी. ते तिनं बरोबर ओळखलं होतं. पण त्या क्षणी कडेच्या गवतात बसल्या बसल्या मला कळलं की माझ्या पोटऱ्या दुखतायत. नुसत्या दुखत नव्हत्या, पेटल्या होत्या. सहा रविवार पायडल मारत होतो, त्या आधीही दुखल्या असणारच. मला पत्ता नव्हता. बूड ओलं झालं होतं दवानं, तळहाताला खडी रुतली होती. एकेक गोष्ट जागेवर येऊन बसल्यासारखी कळायला लागली, आणि त्यातली एकही सुखाची नव्हती.

वळणापलीकडून घंटी ऐकू आली. मंगल परत येत होती, आणि तिच्यामागं सगळी वरात. आम्ही दिसेनासे झालो म्हणून वसंतानं थांबवलं होतं. पंक्चर आहे का, असं त्यानं लांबूनच विचारलं. निलोफर म्हणाली, नाही. मॅडमनी एक नजर माझ्यावर टाकली, एक त्या कट्ट्यावर, आणि सगळ्यांना सांगितलं की दहा मिनिटं इथंच विसावा. बारा माणसं रस्त्याच्या कडेला सायकली लावून बसली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. वसंतानं आपली पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

मी मॅडमना म्हणालो, मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय, आधीच सांगायला पाहिजे होतं.

"आम्हाला माहीत आहे, भूपाल," मॅडम म्हणाल्या. "सांगली केवढीशी आहे? पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. तुला सांगायचं असेल तर सांग. नसेल तर पुढं औदुंबर आहेच."

म्हणजे ज्यांच्यापासून मी लपवत होतो ते सगळे जाणून होते, आणि तरी शेवटची जागा, सगळ्यांच्या पाठीमागची जागा, त्यांनी मलाच दिली होती. मी सांगितलं. हॉर्न दिला नव्हता हेही सांगितलं. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. कुणी मान खाली घातली, कुणी दूर बघत राहिलं. वसंता, जो कधी गप्प बसत नाही, तो आपल्या तीनचाकीच्या चाकातला गवताचा पेंढा काढत राहिला. कुणी म्हणालं नाही की असू दे, तुमचा दोष नव्हता. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

फक्त मंगलनं विचारलं, "तो पडला?"

"हो."

"लागलं त्याला?"

"हो मंगल. फार लागलं."

तिनं विचार केला. मग आपल्या पिशवीतून भडंगाचा पुडा काढला, मूठ भरली, आणि माझ्या हातावर ठेवली. ते भडंग तिखट होतं. लसूण आणि मिरची जिभेवर चरचरली, नाकातून पाणी आलं. मी ते सगळं खाल्लं.

औदुंबरला आम्ही गेलो. ते वळण मी मोठ्यानं सांगून घेतलं, "उजवं वळण," आणि मागून निलोफर "ठीक" म्हणाली. पुढं भिलवडीपर्यंत ऊन चढलं आणि धुकं उठलं. वसंता परत गायला लागला, आधी हळू, मग नेहमीसारखा. एका मारुतीच्या देवळासमोर मंगलनं घंटी वाजवली आणि मागून सगळ्या घंट्या वाजल्या, आमचीही, कारण आमची घंटी निलोफरच्या हाताशी होती. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण ती घंटी मला मधे काच नसल्यासारखी ऐकू आली. नदीकाठी सगळ्यांनी जेवणं केली, आणि परतीच्या वाटेवर माझे पाय इतके दुखले की दोनदा उतरावं लागलं. दोन्ही वेळा सबंध मंडळ माझ्यासाठी थांबलं, आणि मॅडमनी मला तंबी दिली की आता नियमाप्रमाणे तू सगळ्यात पुढं.

मंगळवारी मी पोलिसांकडं गेलो आणि सांगितलं की माझा जबाब दुरुस्त करायचाय. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला की ते प्रकरण मिटलंय, कशाला उकरून काढताय. मी अर्ज लिहून दिला आणि पोच घेतली. त्याचं पुढं काही झालं नाही. होईल अशी अपेक्षाही नव्हती.

तिथून दुपारी मी आणि त्रिशला खोतांच्या वस्तीवर गेलो. दत्तू खोतांच्या बायकोला आक्काताई म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. गोठ्यात शेण काढत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हात धुतले, पदर नीट केला आणि उभ्याच राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी जे सांगायचं ते सांगितलं. हॉर्न दिला नव्हता. मी तसं सांगितलं होतं ते खरं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "दिला असता तर?"

मी म्हणालो, माहीत नाही. जिनं ऐकलं ती म्हणते वेळच नव्हता. पण मला माहीत नाही.

त्यांनी मला माफ केलं नाही, तसं काही बोलल्याही नाहीत, आणि मी ते मागायला गेलो नव्हतो. त्या गोठ्याच्या खांबाला टेकून म्हणाल्या की आठ महिने लोक येतात, रडतात, जेवतात, जातात, पण त्या वेळी तिथं काय झालं हे कुणी सांगत नाही. कुणी होतंच कुठं. मग त्यांनी विचारलं, ती पोरगी कोण? तिला माझ्याकडं पाठवाल का?

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी पुन्हा गाडी धरली, बस नाही, छोटा टेम्पो. मंडळ अजून चालू आहे. मंगल मागल्या वर्षी गेली, वसंता आता पुढं असतो. पण औदुंबर म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही, त्याच्या पुढचा रविवार आठवतो.

त्या रविवारी सगळं मंडळ नांद्र्याच्या टपरीवर चहाला थांबलं आणि मी निलोफरला घेऊन खोतांच्या वस्तीवर गेलो. आक्काताईंनी तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. मला आत या म्हणाल्या नाहीत. मी वाटेवर जोडसायकल धरून उभा राहिलो. त्या दोघींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. निलोफर बोलत होती, हातानं दाखवत होती, मधेच थांबत होती. आक्काताई एकटक तिच्या तोंडाकडं बघत होत्या. अर्धा तास गेला असेल. एक म्हैस हंबरली, कुणीतरी बादली आपटली.

मग दोघी उठून वाटेपर्यंत आल्या. आक्काताई माझ्याकडं आल्या आणि त्यांचा चेहरा मला समजेना. त्या म्हणाल्या, "ही म्हणते, पडायच्या आधी ते शीळ घालत होते."

मी निलोफरकडं बघितलं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली की लांबूनच ऐकू येत होती, डब्यांच्या कड्यांचा ठेका आणि वर शीळ, आणि आपण खालाला म्हणालो होतो की कुणीतरी सकाळी सकाळी फार खुशीत चाललंय.

"एकतीस वर्षं संसार केला," आक्काताई म्हणाल्या. "घरात कधी शीळ ऐकली नाही मी त्यांची. बोलायचेसुद्धा मोजून. रोज दोन तास सायकलवर जायचे, मी म्हणायचे पाय मोडतील, मुलाच्या गाडीवरून घालत जा दूध. तर नाही म्हणायचे. कधी का ते सांगितलं नाही." त्यांनी निलोफरच्या खांद्यावर हात ठेवला. "कोणती होती ती चाल? येते का तुला?"

निलोफरची मान एका बाजूला कलली. मग तिनं ओठांचा चंबू केला आणि शीळ घालायला लागली. साधीच चाल होती, दोन ओळींची, मधे एक हेलकावा. तोंडावर काय ओघळतंय हे मला उशिरा कळलं. मी ते पुसलं नाही.

शीळ संपली. आक्काताईंनी डोळे मिटलेलेच ठेवले होते.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या.